भोपळा कुणी बांधला?

आपल्याकडे पोरांना पोहायला शिकवायची जुनी रीत अशी : उन्हाळ्याच्या सुट्टीत पाठीला वाळलेला भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधायचा आणि काकाने किंवा मोठ्या भावाने विहिरीत उतरवायचं. पहिले चार दिवस नाकातोंडात पाणी जातं. मग हातपाय मारता यायला लागतात. सुट्टी संपेपर्यंत भोपळा सुटतो. पुढे हेच पोर कॉलेजच्या सहलीत बिनधास्त सूर मारतं, तेव्हा काठावरचे म्हणतात, "याला उपजतच येतं." पाठीवरचा भोपळा कुणाला दिसत नाही. विहीर कुणाच्या मालकीची होती आणि तिथे कुणाच्या पोरांना उतरू देत नव्हते, हेही कुणी विचारत नाही.

हा लेख शाळेत कॉम्प्युटर सायन्स शिकवण्याबद्दल आहे. तरी सुरुवात पाण्यापासून करतोय, कारण या विषयावरचं एक महत्त्वाचं पुस्तकही पाण्याचंच रूपक घेऊन उभं आहे. जेन मार्गोलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये लिहिलेल्या या पुस्तकाचं नाव आहे 'स्टक इन द शॅलो एंड', म्हणजे तलावाच्या उथळ टोकाला अडकून पडलेले.

पाणी बदलणारं शहर

लॉस एंजेलिसला लागून पॅसाडेना नावाचं शहर आहे. तिथल्या ब्रुकसाइड पार्कमध्ये १९१४ साली सार्वजनिक जलतरण तलाव सुरू झाला. कृष्णवर्णीय, मेक्सिकन आणि आशियाई लोकांना तिथे आठवड्यातून एकच दिवस पोहता यायचं. तो दिवस संपला की तलाव रिकामा करून पाणी बदललं जाई. अमेरिकेत असे तलाव जागोजागी होते. काही ठिकाणी तर न्यायालयाने तलाव सगळ्यांना खुला करायला सांगितल्यावर शहराने तलावच बंद करून टाकला.

अशा दोन-तीन पिढ्या गेल्या. मग एप्रिल १९८७ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्स या बेसबॉल संघाचे वरिष्ठ अधिकारी अल कॅम्पॅनिस टीव्हीवर बोलता बोलता म्हणाले की, कृष्णवर्णीय लोक चांगले पोहू शकत नाहीत, कारण त्यांच्या शरीरात तरंगण्याचा गुणच नाही. गदारोळ झाला आणि दोन दिवसांत त्यांना पद सोडावं लागलं. पण त्यांच्या वाक्याची घडण नीट पाहा. आधी पाण्यापासून दूर ठेवायचं. मग पोहता येत नाही हे पाहायचं. शेवटी त्याचं कारण माणसाच्या शरीरात शोधायचं. तलावाला कुलूप कुणी लावलं, हा प्रश्न तोवर सगळे विसरलेले असतात.

मार्गोलिस यांच्या गटाला हीच घडण कॉम्प्युटरच्या वर्गात दिसली. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी लॉस एंजेलिसमधल्या तीन सरकारी हायस्कूलांचा अभ्यास केला. एक शाळा गर्दीने भरलेली, जवळपास सगळी मुलं लॅटिनो. एक बहुतांश कृष्णवर्णीय मुलांची. तिसरी श्रीमंत वस्तीतली. 'डिजिटल दरी' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एकीकडे मशीन आहे आणि दुसरीकडे नाही, असं चित्र येतं. तसं इथे नव्हतं. कॉम्प्युटर गरीब मुलांच्या शाळेतही होते. फरक होता तो त्यांच्यावर काय शिकवलं जातं, यात. तिथली मुलं टायपिंग करत होती, इंटरनेटवरून मजकूर उचलून चिकटवत होती, वर्ड आणि पॉवरपॉइंट शिकत होती. प्रोग्रॅम कसा लिहितात, एखादी समस्या पायऱ्यांत कशी मोडतात, हे शिकवणारा वर्गच तिथे नव्हता किंवा असून नसल्यासारखा होता. श्रीमंत वस्तीतल्या शाळेत तो होता, पण त्यात बसली होती मुख्यतः गोरी आणि आशियाई वंशाची मुलं. त्याच शाळेत दुरून बसने येणारी मुलं आणि बहुतेक मुली वर्गाबाहेर होत्या. दारावर 'प्रवेश बंद' अशी पाटी नव्हती. ज्यांना यात रस आहे आणि ज्यांच्याकडे यासाठी लागणारा मेंदू आहे ती मुलं आपोआप येतात, असं शिक्षकांना आणि समुपदेशकांना मनापासून वाटत होतं.

आपोआप आलेली ही मुलं कोण होती? ज्यांच्या घरी आधीपासून कॉम्प्युटर होता. ज्यांचे वडील किंवा काका या क्षेत्रात होते. ज्यांनी सुट्टीत कॅम्प केले होते. मार्गोलिस यांनी याला जे नाव दिलं त्याचं मराठी करायचं तर 'पूर्वतयारीची मिरास' म्हणता येईल. शिक्षक तिला हुशारी समजत होते.

खुलं असणं म्हणजे काय?

इथून नैतिक प्रश्न सुरू होतो. एखादा वर्ग सगळ्यांसाठी खुला आहे, कुणालाही नियमाने अडवलेलं नाही. मग त्यात ठरावीक मुलंच दिसत असतील तर त्यात अन्याय कुठे आहे?

खुलं असणं आणि पोचता येणं यांतलं अंतर मराठी माणसाला नव्याने समजावून सांगायला नको. सी. के. बोले यांच्या १९२३ च्या ठरावानंतर महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचं ठरवलं होतं. कागदावर तळं खुलं होतं. प्रत्यक्षात तिथलं पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांसह चालत जावं लागलं आणि त्यानंतर सवर्णांनी पंचगव्य ओतून ते तळं 'शुद्ध' करून घेतलं. पॅसाडेना आणि महाड यांच्यामध्ये दोन महासागर आहेत, पण पाणी बदलण्यामागची बुद्धी एकच आहे. पिण्याचं पाणी आणि कोडिंगचा वर्ग यांची बरोबरी मला करायची नाही. मुद्दा एवढाच की, ठराव झाला म्हणून दार उघडतं असं नाही.

जॉन रॉल्स या तत्त्वज्ञाने १९७१ च्या 'अ थिअरी ऑफ जस्टिस' या ग्रंथात हा फरक मांडला आहे. केवळ नियमाने कुणाला न अडवणं ही औपचारिक समानता झाली. त्याला हवी होती न्याय्य समानता. ज्यांची क्षमता सारखी आणि कष्ट करायची तयारी सारखी, त्यांना कोणत्याही घरात जन्म झाला तरी सारखीच संधी मिळाली पाहिजे. वाचायला हे चोख वाटतं. पण वर्गाच्या दारात उभं राहून ते लागू करायला गेलं की एक गाठ बसते. 'क्षमता सारखी' हे ठरवायचं कसं? आणि कधी? शिकवण्याआधी की शिकवल्यानंतर? कुटुंब मुलाच्या क्षमतेला घडवतं, हे रॉल्सलाही मान्य होतं. मग ज्या मुलाला पाणीच दाखवलं नाही, त्याची पोहण्याची क्षमता मोजणार कशी?

माझं म्हणणं असं आहे की, शिकवण्याआधी घेतलेली चाचणी बहुतेक वेळा मुलाचं घर मोजते. त्या मापाला आपण 'गुणवत्ता' हे भारदस्त नाव देतो आणि मग त्यावर प्रश्न विचारणं म्हणजे गुणवत्तेवरच हल्ला, असं समजलं जातं.

याला पुरावा आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीला १९९५ मध्ये प्रवेश घेणाऱ्यांत मुलींचं प्रमाण ७ टक्के होतं. मार्गोलिस आणि तिथले अॅलन फिशर यांनी विद्यार्थ्यांशी वर्षानुवर्षं बोलून पाहिलं. आधी प्रोग्रॅमिंग केलेली मुलं पहिल्या सत्रात पुढे दिसतात, पण पुढे यशस्वी कोण होईल हे त्या अनुभवावरून सांगता येत नाही, असं त्यांना आढळलं. मग विद्यापीठाने प्रवेश देताना आधीच्या प्रोग्रॅमिंगला दिलं जाणारं झुकतं माप काढून टाकलं. पहिल्या वर्षात वेगवेगळ्या तयारीच्या मुलांसाठी वेगवेगळे प्रवेशमार्ग ठेवले. २००० साली मुलींचं प्रमाण ४२ टक्क्यांवर गेलं. पाच वर्षांत मुलींचे मेंदू बदलले नव्हते, दाराची उंची बदलली होती.

पाण्यात उतरलेले शिक्षक

पुस्तक लिहून मार्गोलिस थांबल्या नाहीत. त्यांच्या सहलेखिका जोॲना गुड यांनी आधी स्वतः हायस्कूलमध्ये कॉम्प्युटर सायन्स शिकवलं होतं. गुड आणि गेल चॅपमन यांनी 'एक्सप्लोरिंग कॉम्प्युटर सायन्स' नावाचा वर्षभराचा अभ्यासक्रम लिहिला आणि २००८ पासून तो लॉस एंजेलिसच्या सरकारी शाळांत सुरू झाला.

त्याची रचना पाहण्यासारखी आहे. सहा भाग आहेत. पहिल्या दिवशी कुणी मुलांसमोर कोड टाकत नाही. कॉम्प्युटर म्हणजे नेमकं काय, तो माणसापेक्षा कशात वेगळा, यावर आधी गप्पा होतात. मग कागद-पेन्सिलवर समस्या सोडवायच्या, मग वेबपेज, मग प्रोग्रॅमिंग, मग स्वतः गोळा केलेल्या माहितीचं विश्लेषण आणि शेवटी रोबॉट. यात वापरलं गेलेलं एक साधन रॉन इग्लॅश यांनी तयार केलेलं आहे. त्यात आफ्रिकी पद्धतीच्या घट्ट वेण्यांची नक्षी कॉम्प्युटरवर काढायची असते. वेणीचा प्रत्येक पेड म्हणजे आधीच्या पेडाची थोडी लहान केलेली, थोडी फिरवलेली, थोडी सरकवलेली प्रत. एखादी मुलगी आजीच्या हातून रोज जी वेणी घालून घेते, तिच्यात भूमिती आहे आणि पुन्हा पुन्हा चालणाऱ्या सूचनांचा प्रोग्रॅमही आहे. हा विषय आपल्या घरात आधीपासून होता, फक्त कुणी त्याला नाव दिलं नव्हतं, हे तिला कळतं. आपल्याकडे रांगोळीच्या ठिपक्यांपासून किंवा गोधडीच्या तुकड्यांपासून हाच धडा सुरू करता येईल.

आणि सगळ्यात मोठा भर होता शिक्षकांवर. गणिताचे, वाणिज्याचे, इतर विषयांचे शिक्षक सुट्टीत एकत्र बसून आधी स्वतः विद्यार्थी व्हायचे. एखाद्या मुलाला उत्तर आलं नाही की 'याला जमणार नाही' असं मनात येण्याच्या क्षणी थांबायचं कसं, हा त्या प्रशिक्षणाचा गाभा होता. शिकागोत ब्रेंडा विल्कर्सन यांच्यासारख्यांनी 'सर्वांसाठी कॉम्प्युटर सायन्स' ही मोहीम उभी केली आणि २०१६ मध्ये तिथल्या सरकारी शाळांनी हायस्कूल पूर्ण करण्यासाठी हा विषय आवश्यक केला. त्याच वर्षी जानेवारीत राष्ट्राध्यक्ष ओबामांनी याच नावाची राष्ट्रीय योजना जाहीर केली.

गरज किती होती, हे एका आकड्यावरून कळेल. २०१३ मध्ये हायस्कूलमधल्या मुलांसाठीच्या कॉम्प्युटर सायन्सच्या प्रगत परीक्षेला अमेरिकेतल्या ११ राज्यांतून एकही कृष्णवर्णीय विद्यार्थी बसला नव्हता. मिसिसिपी आणि मोंटाना या राज्यांतून एकही मुलगी बसली नव्हती.

पण प्रत्येकाला कशाला?

आता आक्षेप. पहिला आक्षेप तुमच्याही मनात आला असेल : प्रत्येकाने इंजिनिअर व्हायचंय का? कंपन्यांना स्वस्त मनुष्यबळ हवंय, म्हणून हा सगळा खटाटोप नाही ना?

शंका रास्त आहे. या मोहिमांमागे मोठ्या कंपन्यांचा पैसा आहे आणि त्यांच्या जाहिरातींची भाषा नोकरी-पगाराचीच असते. २०२० च्या टाळेबंदीत सहा-सात वर्षांची पोरं कोट्यधीश होणार असल्याच्या जाहिराती आपल्या फोनवर कशा आदळत होत्या, ते आठवा. मुलाला भविष्यातला कामगार म्हणून पाहणारा अभ्यासक्रम नाकारायलाच हवा. पण आपण सगळ्यांना प्रकाशसंश्लेषण शिकवतो ते वनस्पतिशास्त्रज्ञ व्हावेत म्हणून नाही. जगताना आजूबाजूचं जग कळावं म्हणून शिकवतो. आज आजूबाजूचं जग मोठ्या प्रमाणात प्रोग्रॅमवर चालतं.

अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाच्या यादीत नाव नसलेली मुलगी, अंगठा जुळत नाही म्हणून रेशन दुकानातून परतणारी म्हातारी, कर्ज नाकारल्याचा मेसेज आलेला तरुण. तिघांना खिडकीवर एकच वाक्य ऐकू येतं : "सिस्टिममध्ये दिसत नाही." या वाक्यापुढे माणूस गप्प होतो. पाचवीच्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर जे लिहून जाते ते पुसता येत नाही, असं आपली आजी सांगायची. 'सिस्टिम' हे आजच्या काळातलं सटवाईचं लिखाण झालंय. फरक असा की, हे लिखाण एखाद्या ऑफिसात बसलेल्या माणसाने लिहिलेलं असतं. त्याने काही अटी घातल्या, काही गृहीत धरल्या, काही विसरला. ज्या मुलीने शाळेत एकदा तरी स्वतः अट लिहिली आहे आणि ती चुकल्यावर सगळं उत्तर कसं चुकतं हे पाहिलं आहे, ती खिडकीवर विचारू शकते : "कोणत्या अटीमुळे दिसत नाही? ती अट कुणी ठरवली?" उत्तर मिळेलच असं नाही. पण ज्याला नशीब समजायचो तो कुणाचा तरी निर्णय आहे, हे कळणं ही नागरिक होण्याची पहिली पायरी आहे. ती थोड्याच घरांतल्या मुलांना मिळावी, असं म्हणायचं धाडस कुणी करावं?

दुसरा आक्षेप ताजा आहे. आता एआय कोड लिहितो, मग पोरांना कशाला शिकवायचं? याचं उत्तर त्या उथळ टोकातच आहे. वीस वर्षांपूर्वी गरीब मुलांच्या शाळेत 'कॉम्प्युटर शिक्षण' म्हणून मजकूर उचलून चिकटवणं शिकवलं जात होतं. उद्या त्याच शाळांत चॅटबॉटला प्रश्न विचारून आलेलं उत्तर चिकटवणं शिकवलं जाईल आणि त्याला 'एआय साक्षरता' म्हटलं जाईल. दरम्यान चांगल्या फी भरणाऱ्या शाळांतली मुलं ते उत्तर कुठून येतं, कधी चुकतं आणि ते तपासायचं कसं, हे शिकत असतील. यंत्र जितकं हुशार, तितका ते न कळणारा माणूस त्याच्या जास्त अधीन. त्यामुळे एआय आल्याने हा प्रश्न मिटत नाही, वाढतो.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. ज्या शाळेत पाचवीच्या मुलाला दुसरीचा धडा वाचता येत नाही, एकच शिक्षक चार वर्ग सांभाळतो, तिथे कॉम्प्युटर सायन्सचं कौतुक कशाला? हा आक्षेप मी खोडून काढणार नाही. वाचन आणि गणित यांच्या जागी कॉम्प्युटर येऊ शकत नाही, ते त्यांच्या खांद्यावरच उभं राहतं. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगासमोर निवेदन दिलं, तेव्हा सरकारचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो आणि रयतेचं प्राथमिक शिक्षण उपाशी राहतं, असं त्यांचं म्हणणं होतं. पण त्याच निवेदनात गावच्या शाळेत काय शिकवावं हे सांगताना त्यांनी मोडी-बाळबोध वाचन आणि हिशेबाबरोबर शेतीचं प्राथमिक ज्ञानही धरलं होतं. गरिबाच्या मुलाला किमान तेवढंच द्यावं, हा विचार त्यांना मान्य नव्हता. ज्या काळात तो जगणार आहे त्या काळाचं ज्ञान त्याला मिळावं, असा आग्रह होता. आज त्या यादीत काय येईल, याचा विचार आपणच करायचा आहे.

सक्ती आणि शिकवण

शेवटी एक इशारा, कारण विषय सक्तीचा केला की न्याय झाला, असं नाही. इंग्लंडने सप्टेंबर २०१४ पासून पाच ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी 'कॉम्प्युटिंग' अभ्यासक्रमात आणलं आणि आधीचा माहिती-तंत्रज्ञान हा विषय बाजूला सारला. हेतू उत्तम होता. पण सोळाव्या वर्षी द्यायच्या जीसीएसई परीक्षेसाठी विषय निवडायची वेळ आली, तेव्हा कॉम्प्युटर सायन्स घेणाऱ्यांत मुली साधारण पाचात एकच राहिल्या. जुन्या विषयात त्या कितीतरी जास्त होत्या. विषय खोल झाला, पण खोल पाण्यात उतरवणारे हात तितके वाढले नाहीत.

आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचे उपक्रम आणायचं म्हटलं आहे. ठराव झाला आहे. आता प्रत्येक शाळेत विचारायचे प्रश्न साधे आहेत. लॅबचं कुलूप आठवड्यात किती वेळा उघडतं? माउस कुणाच्या हातात असतो आणि मागे उभं राहून कोण बघतं? शिक्षकाला शिकायला वेळ दिला का, की एका दिवसाचं प्रशिक्षण आणि एक पीडीएफ? आणि 'हे सगळ्यांना जमत नाही' असं कुणी म्हणालं, तर त्याआधी सगळ्यांना शिकवून पाहिलं होतं का?

हा लेख फोनवर वाचणाऱ्यांपैकी बरेच जण कोडिंग करत असतील, त्यावर पोटही भरत असतील. त्यांनी मेहनत केली आहे, ती खोटी नाही. पोहणाऱ्याला हात मारावेच लागतात. पण आपल्या यशाचा हिशेब मांडताना घरातला पहिला कॉम्प्युटर, इंग्रजी शाळा, अडलं की फोन करता येईल असा दादा, पहिल्या नापास सेमिस्टरनंतरही फी भरणारे आई-वडील, हेही जमेच्या बाजूला लिहायला हवेत. तो हिशेब मांडला की ऑफिसात नव्याने आलेल्या, लहान गावातून आलेल्या, प्रश्न विचारायला कचरणाऱ्या पोराकडे बघायची नजर बदलते. त्याला येतं की नाही हे काठावरून पाहत बसण्याऐवजी कुणीतरी पाण्यात उतरून त्याच्या पाठीला भोपळा बांधायचा असतो. कुणीतरी म्हणजे ज्याला आधीच पोहता येतं तो.